महिनाअखेरचं पान

एका माणसानं महिनाभर जे वाचलं, पाहिलं, ऐकलं आणि त्याच महिन्यात गावात, राज्यात, देशात जे घडलं, ते सगळं एकाच लेखणीखाली घ्यायचं. आवडनावड नाव घेऊन सांगायची. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच वाचकांपुढे उभं राहायचं. या लेखनाची मराठीत जुनी आणि चांगलीच भांडकुदळ परंपरा आहे. तिची आजची प्रकृती मात्र बरी नाही. मतांचा तुटवडा पडलाय असं कुणी म्हणणार नाही, मतांचा तर सुकाळ आहे. पण बातमी एकीकडे गेली, कलाकृती दुसरीकडे गेली, आणि दोन्हींकडे एकाच नजरेनं पाहणारा माणूस मधल्यामध्ये बेकार झाला.

सुरुवात 'निबंधमाले'पासून करायला हवी. जानेवारी १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी हे मासिक सुरू केलं आणि त्याचे ८४ अंक काढले, म्हणजे भरून सात वर्षांचा मजकूर, आणि तोही जवळजवळ एकहाती. कुठे मोरोपंतांची कविता, कुठे डॉ. जॉन्सन, कुठे ग्रंथावर टीका कशी करावी याची चर्चा, कुठे लोकभ्रम, आणि अखेरीस 'आमच्या देशाची स्थिती'. जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांवर शास्त्रीबुवांनी याच मालेत जे लिहिलं, ते वाचताना आज मान खाली जाते. पुस्तक काय म्हणतंय त्याला भिडायचं सोडून त्यांनी लेखकाच्या व्याकरणावर आणि विद्वत्तेवर हसून घेतलं. पण एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकावी लागते. त्यांची रसिकता आणि त्यांचा पूर्वग्रह यांच्यात आडपडदा नाही. मोरोपंतांवर जीव टाकणारा आणि फुल्यांना हिणवणारा माणूस एकच आहे हे वाचकाला लख्ख दिसतं, आणि दिसतं म्हणून त्याच्याशी भांडता येतं. आजच्या परीक्षणात परीक्षक कुठे उभा आहे हे शोधण्यातच अर्धा वेळ जातो.

फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'चे दोन अंक काढले. दोनच, पण धाटणी तीच. त्या वेळी गाजत असलेला वाद उचलायचा, त्यावरचं पुस्तक समोर ठेवायचं आणि आपण कुणाच्या बाजूचे ते सांगून टाकायचं. 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंद्यांची बाजू त्यांनी तिथे घेतली, तीही आपल्याच गोटातल्या टीकाकारांची पर्वा न करता. परंपरा म्हटली की आपण चिपळूणकरांपासून थेट टिळक-आगरकरांकडे उडी मारतो, आणि हे दोन अंक उडीखाली राहून जातात.

या प्रकारातला माझा सर्वांत आवडता माणूस र. धों. कर्वे. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. संततिनियमनाचं मासिक एवढीच त्याची ओळख उरली आहे, आणि त्यात कर्व्यांवर अन्याय आहे. अंक चाळले तर फ्रेंच कथांची रूपांतरं सापडतात, पुस्तकांचे परिचय सापडतात, वाचकांचे अडचणीचे प्रश्न आणि त्यांना दिलेली कोरडी, सरळ उत्तरं सापडतात, आणि बाईच्या नावानं लिहिलेली, चालू घडामोडींना चिमटे काढणारी 'शारदेची पत्रे' सापडतात. कर्व्यांचा स्वर चढत नाही. ज्या थंडपणानं ते एखाद्या शास्त्रीय पुस्तकातली चूक दाखवतात, त्याच थंडपणानं एखाद्या पुढाऱ्याच्या भाषणातली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले, दंड झाला, मासिक चालू राहिलं. वर्गणीदार मोजके, पैसा स्वतःच्या खिशातला. या परिस्थितीत माणूस गुळगुळीत लिहू शकत नाही. गुळगुळीत लिहायचं असतं तर त्यानं मासिक काढलंच नसतं.

त्याच वर्षी, कर्व्यांच्या तीन महिने आधी, आंबेडकरांचं 'बहिष्कृत भारत' निघालं होतं. पहिला अंक ३ एप्रिल १९२७ चा, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर बरोबर दोन आठवड्यांनी. ते पाक्षिक होतं, पण 'आजकालचे प्रश्न' आणि 'प्रासंगिक विचार' ही त्यातली सदरं आपल्या विषयाच्या मध्यभागी येतात. अंकाच्या माथ्यावर ज्ञानेश्वरांची ओवी आणि खाली तळ्याच्या पाण्यावरून झालेल्या मारहाणीचा जाब. साहित्य आणि बातमी यांना वेगळी पानं असावीत ही कल्पनाच त्या संपादकाला परवडणारी नव्हती.

कलेकडून बातमीकडे येणारेही होते. केशवराव भोळे संगीतकार होते, 'प्रभात'च्या चित्रपटांना त्यांनी संगीत दिलं. आणि हाच माणूस 'एकलव्य' या नावानं गात्या, हयात गवयांबद्दल लिहीत होता आणि 'शुद्धसारंग' या नावानं 'वसुंधरा' साप्ताहिकात रेडिओवरच्या गाण्यावर टीका करत होता. रेडिओ तेव्हा नवीन होता. घरबसल्या कुणालाही कुणाचंही गाणं ऐकू येतं ही मोठीच घडामोड होती, आणि मैफलीतला सूर मायक्रोफोनपुढे कसा बदलतो हे कानांनी टिपणारा कुणीतरी हवा होता. नवं माध्यम आलं की त्याच्यावर असा जागता कान ठेवणारा माणूस आपल्याकडे दर वेळी निघाला असता, तर आज ओटीटीबद्दलचं मराठी लेखन 'या आठवड्यात काय पाहाल' एवढ्यावर अडकलं नसतं.

मग 'ललित'. केशवराव कोठावळ्यांनी १९६४ मध्ये हे मासिक काढलं आणि त्यात ठणठणपाळ अवतरला. 'घटका गेली, पळे गेली' हे त्याचं सदर सुमारे वीस वर्षं चाललं. जयवंत दळवी हे त्यामागचं खरं नाव, आणि वसंत सरवट्यांनी त्याला रेषांमधून देह दिला. दळवी तेव्हा 'चक्र'चे लेखक म्हणून माहीत होते. झोपडपट्टीतलं जिणं कुठलीही कणव न पाघळू देता लिहिणारा हा कादंबरीकार दर महिन्याला लेखक, प्रकाशक, समीक्षक, संमेलनाध्यक्ष यांची टोपी उडवत होता. ठणठणपाळाची खरी करामत विनोदात आहे असं सगळे म्हणतात. मला ती त्याच्या स्मरणशक्तीत दिसते. एखाद्या लेखकानं मार्चमध्ये मुलाखतीत काय सांगितलं आणि ऑगस्टमध्ये प्रस्तावनेत काय लिहिलं हे त्याला आठवत असे, आणि तो ते शेजारी शेजारी मांडून बाजूला होत असे. टीका तेवढीच, बाकी वाचकाचं काम. हे रोजच्या वर्तमानपत्रात साधत नाही, कारण तिथे कालचं आज शिळं झालेलं असतं. वर्षातून एकदाच्या दिवाळी अंकातही साधत नाही, कारण तिथे लेखक ठेवणीतले कपडे घालून येतो. महिना हे अंतर त्यासाठी नेमकं आहे: राग निवायला पुरेसं, विसरायला अपुरं.

ठणठणपाळाच्या मर्यादाही होत्या. त्याचं जग मुख्यतः पुस्तकवाल्यांचं जग होतं. गिरगाव, दादर, पुणे आणि संमेलन जिथे भरेल ते गाव. त्या काळात पुस्तकांच्या दुकानांबाहेर जे उसळत होतं, त्याला भिडण्याची त्याची प्रतिज्ञा नव्हती. ते काम इतरत्र, जास्त खरखरीत भाषेत चाललं होतं. अशोक शहाण्यांनी १९६३ मध्ये 'मनोहर'मध्ये 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण' लिहिला तो त्यातलाच. तो लेख मासिक सदराचा भाग नव्हता, पण 'आजकालच्या' म्हणत म्हणत त्यानं कितीतरी वर्षांचं दुखणं बाहेर काढलं. शहाण्यांसारख्या लघुनियतकालिकवाल्यांना मासिक शिस्त मानवत नसे. अंक निघाला तर निघाला. त्यामुळे त्यांचे स्फोट लक्षात राहिले, सातत्य मात्र नाही. एका बाजूला सातत्य असलेला सभ्य विनोद, दुसऱ्या बाजूला सातत्य नसलेला विद्रोह; दोन्ही एकत्र आणणारं मासिक आपल्याला मिळायचं राहूनच गेलं. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं तेव्हा निदान ज्याच्याशी भांडावं असं एक ठिकाण गेलं.

दरम्यान या कलेचा मुक्काम वर्तमानपत्रांत हलला होता. तिथे तिची भरभराट झाली हे मान्य करायला हवं. विजय तेंडुलकरांची 'कोवळी उन्हे' आणि पुढे 'लोकसत्ते'तलं 'रामप्रहर', गोविंद तळवलकरांचं 'वाचता वाचता', माधव गडकरींचं 'चौफेर', अशोक जैनांचं 'कानोकानी'. तळवलकरांबद्दल दोन वाक्यं जास्त लिहावीशी वाटतात. संपादक म्हणून रोजच्या राजकारणावर अग्रलेख लिहायचा आणि त्याच मेजावर जगभरची पुस्तकं वाचून त्यांच्यावर लिहायचं, हे त्यांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये वर्षानुवर्षं केलं. त्यांचं पुस्तकांवरचं लेखन मला नेहमी जरा जास्तच आदबशीर वाटत आलंय. इंग्लंडातला एखादा मुत्सद्दी दिसला की त्यांची लेखणी खुर्चीतून उठून उभी राहते. तरी अग्रलेख आणि ग्रंथपरिचय एकाच डोक्यातून येत होते, आणि त्याचा दोन्हींना फायदा होता. अग्रलेखाला इतिहास मिळे, पुस्तकाला निकड मिळे.

मग पुरवण्या आल्या. 'लोकरंग', 'सप्तरंग', 'संवाद', 'रसिक'. यांनी मराठी वाचकाला पुष्कळ दिलं. मी स्वतः कितीतरी लेखक रविवारच्या चहाबरोबर पहिल्यांदा वाचले. पण पुरवणीनं जी फाळणी केली ती कायमची झाली. राजकारण मुख्य अंकात, संस्कृती पुरवणीत. नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्यानं विधानसभेत काय झालं याचा उल्लेख केला तर तो 'विषयांतर' ठरू लागला. अग्रलेख लिहिणाऱ्यानं एखाद्या कवितेचा आधार घेतला तर ती सजावट ठरू लागली. सदरांना विषय वाटून दिले गेले: एकाला सिनेमा, एकाला पुस्तकं, एकाला आठवणी, एकाला पाककृती. प्रत्येकाला साडेसातशे शब्द. करोनानंतर पुरवण्यांची पानंच घटली तेव्हा हे वाटेही घटले, आणि सगळ्यांत आधी कात्री लागली ती समीक्षेला, कारण तिच्यामागे जाहिरात येत नाही.

या फाळणीत काय हातचं जातं ते सांगायला मी एप्रिल २०२१ हा महिना घेतो. १३ तारखेला नागपुरात वीरा साथीदार करोनानं गेले. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे या शाहिराची भूमिका करणारे ते. पण मुळात आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती आणि त्याच रात्री आठपासून राज्यभर संचारबंदी. १९ तारखेला पुण्यात सुमित्रा भावे गेल्या. २१ तारखेला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण श्वास कोंडून मेले. ३० तारखेला ताम्हाणेचाच 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला, आणि त्यात माई नावाच्या, पडद्यावर कधीही न दिसणाऱ्या गायिकेचा आवाज सुमित्रा भाव्यांचा होता.

बातम्या म्हणून हे सगळं छापून आलं. ऑक्सिजन पहिल्या पानावर, साथीदार आणि भावे श्रद्धांजलीच्या चौकटीत, 'द डिसायपल' परीक्षणाच्या सदरात चार की साडेचार ताऱ्यांसह. सगळं बरोबर, सगळं आपापल्या जागी. पण एका माणसानं महिनाअखेरीस हे एका पानावर मांडलं असतं तर त्याच्यासमोर एक प्रश्न आपोआप उभा राहिला असता. एकाच दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांत कलेबद्दलच्या दोन पूर्ण विरोधी समजुती आहेत. 'कोर्ट'मधला शाहीर वस्तीत, रस्त्यावर, शेकडो माणसांसमोर गातो. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये आत्महत्या केली असा आरोप त्याच्यावर ठेवला जातो. कला इतकी लोकांत मिसळलेली की सरकार तिला पुरावा समजतं. 'द डिसायपल'मधली माई सांगते ते उलट: लोकांकडे पाहू नका, पैशाकडे पाहू नका, एकटे राहा, उपाशी राहा, सूर शोधा. शरद नेरुळकर हे उपदेश हेडफोनवर ऐकत रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवतो. या दोन समजुती ज्या दोन माणसांच्या चेहऱ्यातून आणि आवाजातून आपल्यापर्यंत आल्या ती दोघं एकाच आठवड्यात गेली, तेही अशा महिन्यात की जेव्हा माणसांना माणसांपासून दूर राहण्याचा हुकूम होता आणि एकांत ही साधना न राहता सक्ती झाली होती. माईचा उपदेश त्या एप्रिलमध्ये ऐकणं आणि सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिसला ऐकणं, यांत केवढा फरक आहे. आणि सुमित्रा भाव्यांनी आयुष्यभर केलेलं काम, 'दोघी'पासून 'कासव'पर्यंतचं, माईच्या उपदेशाच्या नेमकं विरुद्ध होतं: माणसांत जाऊन, त्यांच्या आजारांत, वेडांत, विस्मरणांत शिरून केलेले चित्रपट. भाव्यांनीच हा आवाज द्यावा यात ताम्हाणेची खोच होती का? मला वाटतं, होती. पण ही चर्चा मराठीत व्हायला जी जागा लागते तीच उरलेली नाही. परीक्षणात ती मावत नाही, मृत्युलेखात ती औचित्याला धरून होत नाही, अग्रलेखाला तेव्हा अर्थातच दुसरी कामं होती.

'द डिसायपल'मध्येच टीकेच्या या कलेच्या अवस्थेवर एक प्रसंग आहे. शरद एका जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्या रसिकाला भेटतो. हा गृहस्थ थंडपणे, मजेत, शरदच्या दैवतांबद्दल ऐकवू नये ते ऐकवतो: कुणाचं गाणं कसं होतं, कोण कसा वागायचा, माईसुद्धा किती पाण्यात होत्या. शरद ऐकतो, ऐकतो, आणि शेवटी हातातला ग्लास त्याच्या तोंडावर रिकामा करतो. तो रसिक खरं बोलत होता की नुसता विखारी होता हे ताम्हाणे ठरवत नाही. पण आपल्या सांस्कृतिक जगात अशा माणसाला जागा कॅफेतल्या टेबलापुरतीच उरली आहे हे मात्र त्या प्रसंगातून कळतं. हीच मतं सहीनिशी, मग ती टोपणनावाची का असेना, साप्ताहिकात छापून येत होती तेव्हा ज्याच्यावर टीका झाली त्यालाही उत्तर देता येई. आता नापसंती खासगी गप्पांत आणि व्हॉट्सॲपवर गेली आहे. जाहीर जागेत फक्त कौतुक उरलंय. नाट्यगृहाबाहेरच्या गप्पा ऐकाव्यात आणि मग त्याच नाटकावरचं छापील लेखन वाचावं. दोन्ही एकाच प्रयोगाबद्दल आहेत यावर विश्वास बसत नाही.

अलीकडचा महिना घ्यायचा तर सप्टेंबर २०२५. महिन्याच्या सुरुवातीला आझाद मैदानावरचं मनोज जरांगे यांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण हैदराबाद गॅझेटच्या शासन निर्णयावर सुटलं. १२ तारखेला 'दशावतार' प्रदर्शित झाला, कोकणातल्या खाणींचा विषय आणि ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर. १९ तारखेला रोहन कानवडेचा 'साबर बोंडं', सनडान्स महोत्सवात त्या वर्षी मोठं पारितोषिक मिळवून आलेला: वडिलांच्या दहाव्यासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांची प्रेमकथा. महिन्याच्या शेवटी मराठवाड्यात आणि सोलापूर भागात पूर, आणि हजारो एकरांवरची माती खरडून गेलेली. या चारही गोष्टींतून जमिनीचा धागा जातो. कुणबी नोंद शोधणारे जुन्या कागदांतून शेतीशी असलेलं नातं सिद्ध करू पाहत होते. 'दशावतार'मध्ये डोंगर पोखरणारे येतात. 'साबर बोंडं'मध्ये शहरात गेलेल्या मुलाचं गावाशी काय उरतं हे एका काटेरी फळातून येतं. आणि मग प्रत्यक्ष जमीनच वाहून जाते.

मी त्या महिन्यात 'दशावतार'वर जे वाचलं त्यात प्रभावळकरांचं वय, त्यांचे कष्ट, गर्दीचे आकडे आणि 'मराठी चित्रपटाला चांगले दिवस' हेच फिरून फिरून आलं. चित्रपट मला अर्धा आवडला. पूर्वार्धात दशावतारी कलावंताच्या घरातलं, रात्रीच्या जागरणातलं जग नेमकं दिसतं. उत्तरार्धात तोच कलावंत सूड घेणाऱ्या नायकाच्या साच्यात बसवला जातो आणि खाणीचा प्रश्न, जो कोकणात ग्रामसभांत, न्यायालयांत, सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं लढला जातो, एका खलनायकाच्या अंतावर सुटून जातो. 'साबर बोंडं' याच्या उलट संथ आणि अबोल आहे. तिथे कुणी कुणावर सूड घेत नाही, आणि म्हणून त्याची हिंमत जास्त वाटते. एकाच आठवड्याच्या अंतरानं आलेल्या या दोन चित्रपटांनी गाव म्हणजे काय याची दोन उत्तरं दिली होती. त्यांना एकत्र वाचणं हे कुणाचं तरी काम होतं. एकाचं कौतुक गर्दीसाठी झालं, दुसऱ्याचं पारितोषिकासाठी, आणि दोघांनाही चर्चेपासून सूट मिळाली.

त्याच वर्षीच्या 'छावा'चं उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. फेब्रुवारीत चित्रपट आला, मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली, आणि विधानसभेत मुख्यमंत्र्यांनी चित्रपटाचं नाव घेऊन लोकभावनेचा उल्लेख केला. म्हणजे बातमी आणि सिनेमा इतके एकमेकांत शिरले की वेगळे काढणं अशक्य. अशा वेळी मराठी लेखकाच्या हाती एक असा पत्ता होता जो हिंदी-इंग्रजी समीक्षकांकडे नव्हता: शिवाजी सावंतांची मूळ कादंबरी, १९७९ ची, मराठी घराघरांत वाचलेली. कादंबरीतला संभाजी पडद्यावर येताना कुठे बारीक झाला, कुठे नुसता आवाज झाला, हे आपल्याला सांगता आलं असतं. झालं काय, तर अर्धी मंडळी इतिहास बरोबर की चूक यावर बोलली, अर्धी निवडणुकीवर. कलाकृती म्हणून त्याच्याकडे पाहणं हे जणू भ्याडपणाचं लक्षण ठरलं. माझ्या मते तसं पाहणं हेच त्या महिन्यातलं सगळ्यांत धाडसाचं काम होतं.

मग आज सदरांत भरून काय वाहतंय? आठवणी. आठवणींचा एवढा पूर मराठीत पूर्वी कधी नसावा. जुनं गाणं कसं ध्वनिमुद्रित झालं, अमुक नट तालमीला कसा येई, गिरगावातली चाळ, रेडिओ सिलोन, पहिला टीव्ही. शिरीष कणेकर या प्रकारातले उस्ताद होते, आणि त्यांच्याकडे खट्याळपणा होता; मदनमोहनवर जीव टाकताना दुसऱ्या एखाद्या लाडक्याला ते चिमटाही काढत. त्यांच्यामागून आलेल्यांनी जीव टाकणं घेतलं, चिमटा सोडला. आठवण ही सोयीची असते. तिच्यातली माणसं बहुधा गेलेली असतात, कुणी रागावत नाही, आणि आवड सिद्ध करावी लागत नाही, ती बालपणानंच सिद्ध केलेली असते. महिन्याचं पान आठवणींनी भरलं की चालू महिना पानाबाहेर जातो. सत्तरीतला वाचक खूश होतो, पंचविशीतला पान उलटतो, आणि मग संपादक म्हणतात की तरुण वाचत नाहीत.

विनोदी सदरांची स्थिती त्यामानानं बरी आहे. तंबी दुराईचं 'दोन फुल एक हाफ' किंवा ब्रिटिश नंदीचं 'ढिंग टांग' यांनी राजकारणाची भाषा जितकी उघडी पाडली तितकी भल्याभल्या विश्लेषकांना जमली नाही. पण त्यांचा माल बातमीचा आहे. पुस्तक, नाटक, चित्र त्यांच्या वाट्याला क्वचित येतं. आणि यूट्यूबवरच्या मराठी मुलाखती, दोन दोन तासांच्या, वेगळीच गंमत आहे: तिथे वेळ भरपूर, पाहुणे नामवंत, तयारीही बरेचदा चांगली. फक्त यजमान कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नाही. पाहुण्यानं पुढच्या वेळीही यायला हवं ना.

मासिक म्हणून आजही जी टिकून आहेत किंवा अलीकडेपर्यंत टिकली त्यांच्याकडे पाहिलं तर वेगळं काही दिसतं. 'मिळून साऱ्याजणी' ऑगस्ट १९८९ पासून निघतंय. विद्या बाळ संपादक असताना त्या अंकाच्या सुरुवातीला 'संवाद' लिहीत. त्यात महिन्यातली एखादी घटना असे, एखादं पाहिलेलं नाटक किंवा वाचलेलं पुस्तक असे, एखाद्या वाचक मैत्रिणीचं पत्र असे, आणि विद्याताईंची भूमिका या सगळ्यातून हळूहळू तयार होताना दिसे. आधी ठरलेलं मत घटनेवर चिकटवलंय असं क्वचितच वाटे. शैलीच्या दृष्टीनं ते लेखन फार घोटलेलं नाही, कधीकधी पसरट आहे. पण महिन्याच्या लेखनाला जी वृत्ती लागते, म्हणजे गेल्या महिन्यातल्या आपल्याशी या महिन्यात असहमत होण्याची तयारी, ती तिथे भरपूर आहे. 'आजचा सुधारक'नं १९९० पासून वादाची दुसरी, जास्त कोरडी तऱ्हा चालवली. भानू काळ्यांच्या 'अंतर्नाद'नं १९९५ पासून पंचवीस वर्षं ललित आणि वैचारिक यांना एका अंकात नांदवलं, आणि मग छापील अंक थांबला. अशी मासिकं बंद पडताना कुणी कुणाला दोष देत नाही. वर्गणीदार वयानं कमी होत जातात, कागद आणि टपाल महाग होतं, जाहिरातदार फोन उचलत नाहीत. संपादक शेवटचं संपादकीय फार सुंदर लिहितात. त्यातली थोडी धार आधीच्या वर्षांत खर्च झाली असती तर, असं कधीकधी मनात येतं, पण हे बोलायला सोपं आहे.

या सगळ्या लेखनाचं पुस्तक होताना जे होतं त्याबद्दल प्रकाशकांशी एक भांडण आहे. सदरांचे संग्रह निघतात, बरेचसे 'निवडक' म्हणून निघतात, आणि निवडताना पहिली गोष्ट गाळली जाते ती तारीख. लेख 'कालातीत' वाटावा म्हणून. त्यासोबत संदर्भही गळतात: कोणत्या संमेलनावरून वाद झाला होता, कोणत्या नाटकावर बंदी आली होती, 'परवाच्या भाषणात' म्हणजे कुणाच्या. वाचकाच्या हाती उरतो तो नुसता चुरचुरीतपणा, आणि मग म्हणतात की हे लेखन आता जुनं वाटतं. कर्व्यांच्या बाबतीत अनंत देशमुखांनी जे केलं, विखुरलेलं लेखन शोधून, संपादून पुन्हा वाचकांपुढे ठेवलं, तसं ठणठणपाळाचं व्हायला हवं: निवड न करता, महिन्यामहिन्यानं, सरवट्यांच्या चित्रांसह, आणि तळटीपांत त्या त्या महिन्याच्या बातम्या देऊन. चार खंड होतील, महाग पडतील, फार खपणारही नाहीत. पण विद्यापीठांचे मराठी विभाग पीएच.डी.साठी विषय शोधत फिरत असतात, आणि 'ललित'चे जुने अंक अजून ग्रंथालयांत बांधलेले मिळतात.